रूळ गेले, वाट उरली

शास्त्रपाठ : यशया ४० : १-५



परमेश्वरासाठीं रानांत राजमार्ग सिद्ध करा, खोरीं भरून काढा, टेकड्या उतरवा, असें संदेष्टा ह्या पाठांत सांगतो. कित्येक वर्षें मीं ह्या वचनांवर उपदेश केला. परंतु त्यांचा अर्थ माझ्या पायांना कळला तो गेल्या पावसाळ्यांत, सायकलीवर बसल्यानंतर.

आपल्या परभणी जिल्ह्यांतून लहान रुळांची आगगाडी जात असे, हें वडील मंडळींस आठवत असेलच. मनमाड-सिकंदराबाद हा मार्ग निजामाच्या राज्यांत १९०१ सालापर्यंत पुरा झाला. दोन रुळांमध्यें अवघें एक मीटर अंतर. पुढें तो मार्ग रुंद झाला, आणि २००८ सालीं पूर्णा-अकोला मार्गही रुंद झाला. आमच्या भागांत त्या वेळीं जुन्या भरावाचा एक तुकडा बाजूस पडला. त्यावर आतां ना रूळ, ना खांब; केवळ गवतांतून गेलेली पायवाट आहे.

एका वृद्ध सुवार्तिकास भेटण्यास मी निघालों होतों. माझी मोटारसायकल बिघडली होती, म्हणून शेजाऱ्याची सायकल मागून घेतली. गाडीवाटेच्या काळ्या चिखलांत चाकें फिरेनात. तेव्हां एक शेतकरी म्हणाला, "जुन्या रेल्वेच्या भरावानें जा, साहेब." मी वर चढलों आणि सावकाश चालूं लागलों.

काय आश्चर्य! दोन्ही बाजूंस जमीन उंचसखल होती, पण माझ्या पायांना चढ असा जाणवलाच नाहीं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरतें. म्हणून आगगाडीस तीव्र चढ चालत नाहीं. तिच्यासाठीं खोलगट जागीं माती भरावी लागते आणि उंचवटा खोदावा लागतो. मेळघाटांत धूळघाटाजवळ चढ सौम्य व्हावा म्हणून लहान रुळांचा मार्ग वाटोळा फिरून स्वतःच्याच वरून पलीकडे जात असे. तेथील गाडी २०१७ पासून बंद आहे. आमचा हा मार्ग बांधला गेला त्याच काळांत, १८९९-१९०० सालीं, मराठवाड्यावर भयंकर दुष्काळ होता. पाटी-पाटी माती वाहून ज्यांनीं हा भराव उभा केला, त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक आहेत? तरी त्यांनीं भरलेल्या मातीवरून त्या दिवशीं शाळेच्या मुली सायकलींवरून जात होत्या, आणि एक आजी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन कोरड्या पायांनीं घरीं परतत होती.

मी पोहोंचलों तेव्हां सुवार्तिक ओट्यावर बसले होते.

"मास्तर, बरे आहांत ना?"

"या, पाळकसाहेब. फार दिवसांनीं आठवण झाली."

बंधूंनो, मी लाजलों. चौदा महिने मीं त्या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. आणि मोठ्या रस्त्यानें त्यांच्या गांवावरून मात्र कितीदां तरी वेगानें गेलों होतों.

ते म्हणाले, "चाळीस वर्षें पायीं हिंडून मीं येथें मंडळी जमविली. पोरें शिकलीं आणि पुण्यास गेलीं. आतां रविवारीं सात माणसें असतात. मी उपटलेल्या रुळासारखा झालों आहें. काय उरलें माझ्या श्रमाचें?"

मला एकदम उत्तर सुचलें नाहीं. मग मी म्हणालों, "मास्तर, आज मी ज्या वाटेनें आलों तिच्यावर एकही रूळ नाहीं. तरी मी तुमच्या दारापर्यंत आलों. तुमचीं पोरें जेथें गेलीं तेथें प्रार्थना करितात, ती तुम्हीं भरलेल्या मातीवर उभें राहूनच."

ते बराच वेळ उगे राहिले. मग म्हणाले, "खरें आहे. पण साहेब, त्या भरावाखालीं मोऱ्या आहेत. त्या तुंबल्या कीं पाणी अडतें, आणि दोन पावसाळ्यांत सगळी माती वाहून जाते. त्या कोण साफ करणार?"

मी उपदेश करावयास गेलों होतों. उपदेश ऐकून परतलों.

प्रियहो, पौल लावणी करितो, अपुल्लो पाणी घालितो, वाढविणारा देव आहे, असें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत आपण वाचतों. परंतु पूर्वजांचें काम टिकेलच, असें म्हणून आपण स्वस्थ बसलों तर तें टिकत नाहीं. सात माणसांच्या मंडळीस वेळेवर भेट, थकलेल्या सेवकाची विचारपूस, परगांवीं गेलेल्या मुलास एक पत्र, ह्या आपल्या मोऱ्या आहेत. त्या दिवसापासून महिन्यांतून एकदां मी त्याच भरावानें सायकलीवर मास्तरांकडे जातों. वेग कमी आहे, पण त्या वेगानें वाटेवरचीं माणसें दिसतात.

तुमच्याही गांवीं असा कोणी ओट्यावर बसला असेल. येत्या रविवारापूर्वीं त्याच्याकडे जा. सावकाश जा, पण जा.

आपल्यासाठीं ज्यांनीं माती वाहिली त्यांस प्रभू विसरत नाहीं. आपणांसही त्यानें विसरूं देऊं नये. आमेन.