खिडकीएवढे शहर : विद्यार्थ्यांचे लघुपट आणि वाशिम

विद्यार्थ्यांनी शहरी जीवनावर केलेला लघुपट बहुधा पाच ते वीस मिनिटांचा असतो. तेवढ्यात सगळे शहर दाखवू गेले, की गर्दी, कचऱ्याचे ढीग, उड्डाणपूल आणि शेवटी एक घोषवाक्य एवढेच हाती लागते. ज्यांनी शहराचा एकच तुकडा धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही, त्यांचे काम टिकले.

पोलंडमधल्या वूच शहरातील चित्रपट-विद्यालयात शिकत असताना क्षिश्तोफ किस्लोव्हस्की यांनी १९६६ मध्ये एका सरकारी कचेरीवर काही मिनिटांचा माहितीपट केला. त्याचा विषय म्हणजे पेन्शनची खिडकी. बाहेर म्हाताऱ्या माणसांची रांग, आत कागद चाळणारे आणि शिक्के मारणारे हात. निवेदन नाही, व्यवस्थेवर भाषण नाही. तरीही सामान्य नागरिक आणि सरकार यांच्यातले अंतर त्यात मोजून दिल्यासारखे दिसते.

मराठीत याच जातीचे काम उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’त आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना त्यांनी हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पोटापाण्यासाठी आई राहत्या घरात पिठाची गिरणी आणते. शाळकरी मुलाला आधी तिचे अप्रूप वाटते आणि मग तिची घरघर सोसेनाशी होते. अपुरी जागा, घरातच थाटावा लागणारा धंदा आणि कष्टाची वाटणारी लाज हे शहराचे मोठे प्रश्न एका यंत्राच्या आवाजात आले आहेत. पुढे ‘गारुड’मध्ये कुलकर्णींनी लहान गावातल्या लॉजची एकच खोली घेतली आणि तिथे येऊन जाणाऱ्या माणसांतून गाव दाखवले.

नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून आला. अहमदनगरला संज्ञापनाचे शिक्षण घेताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी तो केला. शाळेची ओढ असलेला मुलगा आणि त्याला चोरीकडे ढकलणारी परिस्थिती एवढाच त्याचा ऐवज. ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, बालकलाकार सूरज पवार याचाही विशेष उल्लेख झाला. मुंबई-पुण्याबाहेरच्या विद्यार्थ्याला विषय शोधायला लांब जावे लागत नाही, हे या उदाहरणातून ठळकपणे पुढे आले.

वाशिमसारख्या जिल्ह्यात ही गोष्ट विशेष लागू पडते. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार १६० होती आणि त्यात शहरांत राहणारे शेकडा १८पेक्षाही कमी. वाशिम शहर ७८ हजारांच्या घरातले. इथले शहरीपण मैलोगणती पसरलेले नाही, ते मोजक्या जागी एकवटले आहे : एसटी स्टँड, बाजार समितीचे आवार, जिल्हा कचेरी, अभ्यासिका, रेल्वे स्टेशन. लघुपटाला असेच शहर सोयीचे असते.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. जिल्ह्यातल्या रिसोड किंवा मानोऱ्याच्या माणसाची जिल्ह्याच्या कामाची खिडकी अकोल्याहून वाशिमला आली. दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली मुले, कागद पुरे नाहीत म्हणून परत फिरणारी माणसे, कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे, झेरॉक्सची दुकाने. किस्लोव्हस्कींचा विषय इथे रोज सकाळी उघडतो.

दुसरा विषय पाण्याचा. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच शहर. पद्मतीर्थ हे त्याचे पुराणप्रसिद्ध जलस्थान. आजच्या नळाला मात्र एकबुर्जी धरणाचे पाणी येते. तीर्थाचे पाणी आणि नळाचे पाणी यांकडे शहर कोणत्या वेगळ्या नजरेने पाहते, हे एकाच गल्लीतल्या एका सकाळीतून दाखवता येईल. जिल्ह्यातल्याच कारंजा शहरात तर रुळांचा विषय हाताशी आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ या नॅरोगेज मार्गावरची ‘शकुंतला’ रेल्वे कारंज्यावरून जात असे. कापसासाठी टाकलेला तो मार्ग आता बंद आहे आणि त्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग धावतो. एक वाहतूक गावात थांबत होती, दुसरी गावाला वळसा घालून जाते. या बदलाने स्टेशनजवळच्या चहावाल्याचे काय झाले, एवढ्या एका प्रश्नावर लघुपट उभा राहतो.

पण या जिल्ह्याच्या शहरांतला सर्वांत खोल विषय अभ्यासिकेत बसलेला आहे. खेड्यातून येऊन खोली करून राहणारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले. डबा, खोलीभाडे, गावाकडून येणारा फोन, सोयाबीनला काय भाव मिळाला यावर ठरणारे पुढचे वर्ष. त्यांच्यासाठी वाशिम हा पुण्याच्या वाटेवरचा मुक्कामही असतो. त्यावर लघुपट करणारा विद्यार्थी बहुधा त्यांच्यातलाच असतो, आणि बाहेरून आलेल्या कॅमेऱ्याला न दिसणारे तपशील त्याला ठाऊक असतात. ही जमेची बाजू मोठी आहे. ती दवडून आयत्या संदेशामागे लागणे हे खरे नुकसान.

तंत्राची अडचण आता चित्राची कमी आणि आवाजाची जास्त आहे. मोबाइलचे चित्र लहान पडद्यावर निभावते, पण बाजार समितीतला लिलाव किंवा स्टँडवरची घोषणा मोबाइलच्या माइकवर नुसता गोंगाट होते. बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा माइक आणि प्रत्येक जागेचा, कोणी बोलत नसताना घेतलेला अर्धा-एक मिनिटाचा आवाज यांमुळे संकलनात बराच फरक पडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॅमेरा बाहेर न काढता त्या जागी आधी पुरेसे बसणे. लोकांना सवय झाली, की ते कॅमेऱ्यासाठी वागणे सोडतात.

परवानगीचा भागही अभ्यासाचाच आहे. रेल्वे फलाटावर चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते. जाहीर प्रदर्शनाला १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागते, महोत्सवांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांचा ‘कास्ट ऑन द मेन्यू कार्ड’ हा अन्न आणि जात यांवरचा माहितीपट २०१५ मध्ये दिल्लीच्या एका महोत्सवात ही सूट नाकारल्यामुळे दाखवता आला नाही.

लहान शहरात कायद्याहून अवघड असते ती संमती. मुंबईतला चेहरा गर्दीत हरवतो, वाशिमात तो ओळखला जातो. नळाला पाणी येत नाही असे कॅमेऱ्यासमोर सांगणाऱ्या बाईची दुसऱ्या दिवशी नगरसेवकाशी गाठ पडणार असते. म्हणून चित्रीकरणापूर्वीचा होकार पुरेसा नाही. संकलन झाल्यावर लघुपट आधी त्या माणसांना दाखवावा आणि त्यांनी नको म्हटलेला भाग काढावा. त्यात एखादे चांगले दृश्य गेले तरी चालेल.

पहिले प्रदर्शनही त्याच वस्तीसमोर व्हावे. प्रेक्षक तिथे चुका लगेच दाखवतात : रस्त्याचे नाव चुकले, ती टाकी कधीच बंद पडली, तो माणूस असे बोलत नाही. महाविद्यालयाने अशा प्रत्येक लघुपटाची प्रत, न वापरलेले चित्रीकरण, तारीख आणि ठिकाण यांसह ग्रंथालयात ठेवली, तर पुढच्या तुकडीला त्याच गल्लीत परत जाऊन काय बदलले ते चित्रित करता येते.