देठासाठी घेतलेली जुडी

पालेभाजी निवडायची म्हणजे पानं खुडायची आणि देठ टाकायचे, असं माझ्या हाताला लहानपणापासून वळण. फार तर कोवळे देठ बारीक चिरून भाजीत ढकलायचे. हाँगकाँगला राहायला आल्यावर हे वळण मोडावं लागलं. इथली गिऱ्हाइकं जुडी हातात घेतली की आधी तिचा बुडखा बघतात. पानांकडे नजर जाते ती नंतर.

याचा अर्थ खरा कळतो तो तुंग चोई या भाजीत. ही रताळ्याच्या कुळातली वेल. पानं निमुळती, देठ आतून पोकळ. मुंबईच्या बाजारात नाळीची भाजी म्हणून मिळते तीच. दक्षिण चीनचा दमट उन्हाळा तिला मानवतो, थंडीत मात्र ती रोडावते. मोंगकॉकमधला एक आख्खा रस्ता तिच्या नावाचा आहे. पूर्वी तिथे तिची शेतं होती; आता कपड्यांचे आणि पर्सचे ठेले आहेत.

बाजारात ती दोन तऱ्हेची दिसते. पाण्यात वाढवलेली फिकट आणि जाड देठाची, वाफ्यातली गडद आणि बारीक देठाची. मला पहिली आवडते, दाताखाली कुरकुरते म्हणून. देठ वाकवून पाहावा. कट्‌कन मोडला तर कोवळा. नुसताच वाकला, धागा धरून राहिला, तर जुडी परत ठेवावी. तोल कॅटीचा, म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम. ढीग केवढाही दिसला तरी कढईत तो बसतोच, तेव्हा घाबरू नये. ओळखीची भाजीवाली वर कांद्याच्या दोन पाती फुकट घालते, आपल्याकडे कोथिंबिरीच्या चार काड्या मिळतात तशा.

चिनी स्वयंपाक म्हटलं की लोकांना मोठा जाळ आणि उडणारी कढई आठवते. भाजी चुलीवर असते जेमतेम दोन मिनिटं, हे खरंच. पण तिचं बरंवाईट बरंचसं त्याआधीच ठरून गेलेलं असतं. बुडखे काढायचे, बोटभर लांबीचे तुकडे करायचे, देठांचा ढीग वेगळा आणि पानांचा वेगळा. मग पाणी. पोकळ नळ्यांत ते दडून बसतं, म्हणून धुतल्यावर झटकून चाळणीत चांगलं निथळू द्यावं लागतं. ओली भाजी गरम तेलात पडली तर तेल अंगावर उडतं, कढई निवते आणि भाजी परतली जाण्याऐवजी शिजत बसते. मग ती काळी पडते आणि पाणीही सोडते. हॉटेलातल्या भट्टीचा जाळ घरच्या गॅसला कुठून येणार? त्यावर उपाय एकच, कढईत थोडी भाजी घालणं. चौघांसाठी करायची तर दोन घाणे काढावेत.

तेल कडकडीत तापलं की ठेचलेला लसूण, लाल मिरचीचे उभे काप, लगेच देठ, आणि देठांचा रंग उजळला की पानं. कँटनी पद्धतीत यात फू यू पडतं. हे टोफू आंबवून, खारवून बरणीत मुरवलेले चौकोनी तुकडे. वास उग्र, पहिल्यांदा नाक मुरडावं असा. दोन तुकडे त्यांच्याच पाण्यात चिमूटभर साखर घालून कुस्करायचे आणि पानांवर ओतायचे. वेगळं मीठ घालू नये. कढईत त्याचा उग्रपणा जातो आणि देठाला दाट, खारट लेप बसतो. मलेशिया-सिंगापूरकडे याच जागी कोलंबीची आंबवलेली पेस्ट, बेलाचान, घालतात. मासे खाणाऱ्या कोकणी जिभेला ती बहुधा जास्त पटेल.

सिच्वानमध्ये तर देठांची स्वतंत्र भाजी होते. ते बारीक चिरून, मिरची आणि आंबवलेल्या काळ्या सोयाबीनबरोबर परततात. पानं दुसऱ्या पदार्थाला राहतात. आपण जे केराच्या टोपलीत टाकत आलो, तिथे ते ताटातला मान घेऊन बसलेलं पाहून मला आपल्या राजगिऱ्याच्या देठांची आठवण झाली. त्यांचीही काही घरांत आमटी होते, पण तो मान अपवादाचाच.

एक सांगणं मात्र आवर्जून. ही भाजी कच्ची खाऊ नये. पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतींवर आतड्यात शिरणाऱ्या चपट्या कृमींची सूक्ष्म रूपं चिकटलेली असू शकतात. ती शिजवल्यावर मरतात. आणि जुडी आणली त्याच दिवशी करा. फ्रीजमध्ये एक रात्र काढली तरी पानं मलूल होतात.