मोजे, लोकर आणि मजुरीचा हिशेब

हाताने विणलेला पायमोजा चार-पाच सुयांवर गोल विणत नेतात आणि त्याला कुठेही शिवण नसते. युरोप-अमेरिकेत आज जे मोजे घरोघरी विणले जातात, त्यांतले बरेचसे बारीक लोकरीचे असतात. या लोकरीत साधारण पाऊण भाग लोकर आणि पाव भाग नायलॉन असते. १०० ग्रॅमच्या गुंड्यात ४०० मीटरच्या आसपास धागा येतो आणि मोठ्या माणसाच्या एका जोडीला तो सहसा पुरतो. सुया दोन ते अडीच मिलिमीटर जाडीच्या लागतात. घोट्याच्या वरच्या घेराला ६० ते ७२ टाके घालतात. ६४ टाक्यांचा मोजा धरला, तर एकेका मोज्यात दहा हजारांवर टाके पडतात आणि बऱ्यापैकी सराईत हातालाही जोडीमागे पंधरा-वीस तास सहज लागतात.

सगळा वाद या तासांवरूनच होतो. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. त्या दराने वीस तासांची मजुरीच १४५ डॉलर होते, लोकरीचे पैसे वेगळे. दुकानात मोजे चार-पाच डॉलरला मिळतात. या दोन आकड्यांवरून दोन निष्कर्ष काढले जातात. एक, हाताने मोजे विणणे हा शुद्ध वेडेपणा आहे. दोन, एवढी मजुरी न घेता कुणाला मोजे विणून देणारी बाई स्वतःचे शोषण करून घेते. दुसरा निष्कर्ष सहानुभूतीचा वाटतो, म्हणून तो जास्त ऐकू येतो. पण दोन्हींच्या मुळाशी हिशेब एकच आहे आणि तो मोज्यांना लागू पडत नाही.

मोज्यांचा इतिहास ढोबळमानाने सर्वांना ठाऊक आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे सापडलेले, चपलेत घालता यावेत म्हणून अंगठा वेगळा काढलेले लाल मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते दीड हजार वर्षांहून जुने आहेत आणि एकाच सुईने गुंफलेले आहेत. अधिक सुयांचे विणकाम पुढे आले. १५८९ मध्ये नॉटिंगहॅमशरच्या विल्यम ली याने मोजे विणण्याचा माग बनवला आणि तिथून यंत्राची वाटचाल सुरू झाली. १८११ पासून त्याच भागात लडाइट म्हणवणाऱ्या कारागिरांनी माग फोडले. त्याचे एक मोठे कारण असे, की काही मालक रुंद मागावर सलग कापड विणून घेत, त्यातून मोजे कापून शिवत आणि ते घडवून विणलेल्या मोज्यांच्या जागी विकत. कारागिरांचा राग पडलेल्या मजुरीवर होता, तसाच मोज्याच्या या बनावट घडणीवरही होता. मजुरीचा हिशेब मांडणारे यातला पहिला अर्धा भाग तेवढा सांगतात.

त्या हिशेबातला पहिला दोष तासांचाच आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर बायका पाठीवर पीटच्या, म्हणजे जळणाच्या मातीच्या, टोपल्या वाहताना विणत असत. कमरेला भोके पाडलेला चामडी पट्टा असे. एका सुईचे टोक त्यात रोवले की सुईचा भार हातावर पडत नसे आणि चालता चालता टाके पुढे सरकत. यॉर्कशरकडच्या डेंटच्या खोऱ्यात माणसे संध्याकाळी एका घरी जमून गप्पागोष्टींत विणत. जळण वाहण्याच्या आणि गप्पांच्या त्या तासांतून विणकामाचे तास वेगळे काढता येत नाहीत. आजही मोज्याचा पायाचा लांब भाग आगगाडीत, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत किंवा आजाऱ्याजवळ बसून विणला जातो. त्याकडे पाहावेही लागत नाही.

यावर हिशेबवाल्यांचे उत्तर असते, की ते तासही दुसऱ्या कमाईला लावता आले असते. हे उत्तर मान्य केले, तर घरी लाटलेल्या प्रत्येक पोळीवर स्वयंपाक्याच्या पगाराची चिठ्ठी लावावी लागेल. माणसाचा प्रत्येक तास मुळात विक्रीचाच असतो आणि न विकलेला तास म्हणजे नुकसान, असे आधी गृहीत धरले तरच हे उत्तर टिकते. ते गृहीत मात्र कोणी सिद्ध करत बसत नाही.

दुसरा दोष तुलनेत आहे. कारखान्याचा मोजा पायांचे तीन-चार आकार एकाच मापात बसवतो आणि उरलेला फरक इलॅस्टिकवर सोपवतो. हाताच्या मोज्याला चवड्याचा घेर, टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी आणि पावलाच्या वरच्या बाजूची उंची अशी तीन मापे घेतात. मोजा पायावर ताणून बसावा म्हणून प्रत्यक्ष घेरापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी टाके धरतात. उंच कमानीच्या पायाला कारखान्याचा मोजा वर आवळतो आणि टाचेला ढिला पडतो. अशा माणसासाठी चार डॉलरचा मोजा स्वस्त नसतो, त्याच्या दृष्टीने तो मोजाच नसतो. शिवाय हाताच्या मोज्याची टाच विरली तर रफू करता येते आणि चवडा गेला तर तेवढाच उसवून पुन्हा विणता येतो. वेगळ्या दोन वस्तूंच्या किमती शेजारी ठेवल्या, की कोणतीही वस्तू वेडेपणाची ठरवता येते.

तिसरा दोष सर्वांत मोठा आहे. हा हिशेब धरून चालतो, की मोजे विकण्यासाठी विणले जातात. पण बहुसंख्य मोजे बाजारात येतच नाहीत. ते विणणारीच्या स्वतःच्या पायात जातात, घरच्यांच्या पायात जातात किंवा लोकरीच्या बदल्यात दुसऱ्या विणणारीकडे जातात.

हातविणीच्या बाजूने बोलणाऱ्या काहींचे युक्तिवादही हलकेच असतात. विणकामाने मन शांत होते हे खरे, पण मन भजनानेही शांत होते आणि त्यातून मोजा निघत नाही. पर्यावरणाचा दावा त्या लोकरीतले पाव भाग नायलॉन पाहता तोकडा आहे. पैशाविना देवघेव म्हणजे जुनी सुखी गावरचना, असे सांगणाऱ्यांनी त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५चा ‘गावगाडा’ पुन्हा वाचावा. बलुत्यात कोणी काय द्यायचे आणि काय घ्यायचे, हे जन्माने ठरलेले होते.

स्वतःसाठी विणलेल्या मोज्याचे महत्त्व टाचेत कळते. ६४ टाक्यांच्या मोज्यात टाच करताना निम्मे, म्हणजे ३२ टाके एका सुईवर घेतात आणि फक्त त्यांवर पुढे-मागे ३२ ओळी विणतात. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलतात, त्यामुळे दोन्ही कडांना सोळा-सोळा टाक्यांची साखळी तयार होते. मग टाच वळवायची. मधल्या टाक्यांपासून सुरुवात करून ओळ अर्ध्यातच सोडायची आणि काम उलटायचे. दर वेळी दोन टाके एकत्र करत एकेक टाका पुढे जायचे. सपाट पट्टीची वाटी होते आणि सुईवर ३२ चे १८ टाके उरतात. दोन्ही कडांच्या साखळीतून १६-१६ टाके उचलले, की पावलाच्या वरच्या बाजूचे ३२ धरून एकूण ८२ होतात. एका फेरीआड दोन टाके कमी करत नऊ वेळा घटवले, की पुन्हा ६४ येतात आणि पाऊल सुरू होते. चवड्याच्या टोकाला उरलेले वरचे आणि खालचे टाके दाभणाने एकमेकांत असे गुंफतात, की ती जागा विणल्यासारखीच दिसते आणि बोटांना शिवण टोचत नाही.

हे पाठ करता येते, पण ते बरोबर झाले की नाही हे मोजा पायात घालून वापरल्यावरच समजते. टाचेची पट्टी चार ओळी कमी पडली, तर चालताना मोजा बुटात खाली सरकतो. कोपऱ्यात टाके सैल उचलले, तर तिथे भोके राहतात. मऊ म्हणून आणलेल्या, नायलॉन नसलेल्या लोकरीची टाच लवकर विरते आणि दुसरी खरखरीत वाटलेली लोकर वर्षानुवर्षे टिकते. ज्याने मोजा घातला त्यालाच हे कळते, आणि तोच विणणारा असेल तर पुढच्या मोज्यात त्याची दुरुस्ती होते. दुसऱ्याला दिलेल्या मोज्याबद्दल सहसा फक्त आभार परत येतात. स्वतःच्या पायासाठी विणणे याला कोणी स्वार्थ म्हणत असेल, तर त्याने विणकाम फक्त लांबून पाहिले आहे.

लोकरीच्या बदल्यात मोजे ही देवघेव याच्या पुढची पायरी आहे. एकीकडे चांगली, हाताने रंगवलेली किंवा हाताने कातलेली लोकर असते. दुसरीकडे मोजे जलद आणि नीट विणणारे हात असतात. पहिली आपल्या पायाची मापे आणि लोकर देते, दुसरी मोजे देते. मोज्यांत गेलेल्या लोकरीवर जी लोकर उरते, तोच तिचा मोबदला. मजुरीच्या हिशेबाने हा सौदा कधीच बसत नाही, कारण दोन गुंड्यांची, म्हणजे ८००-९०० मीटर, लोकर दिली तरी तिची किंमत १४५ डॉलर होत नाही. तरीही तो दोघींना रास्त वाटतो. त्याचे कारण ‘पैसा आला नाही म्हणून’ असे पुष्कळ जण देतात, आणि ते चुकीचे आहे.

ते चुकीचे कसे, हे शेटलंडच दाखवते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या लर्विक गावच्या दुकानदारांकडे विणलेल्या शाली आणि मोजे घेऊन जाणाऱ्या बायकांना रोख रक्कम क्वचित मिळे. बदल्यात चहा आणि कापड मिळे, तेही दुकानदाराने लावलेल्या भावाने. त्याच मालाचे पीठ-मीठ करण्यासाठी त्यांना तो चहा पुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात घालावा लागे, बहुधा तोट्यात. १८७२ मध्ये या पद्धतीची सरकारी चौकशी झाली. तिथे काही बायकांनी सांगितले, की विणलेल्या मालाच्या बदल्यात दुकानदार चहा देतो, पण सूत देत नाही. सूत रोखीनेच घ्यावे लागते. पैसा इथेही नव्हता, वस्तूला वस्तूच मिळत होती, आणि ही लूट होती. मजुरी नाण्यांतच चुकती झाली पाहिजे, असा आग्रह ब्रिटिश कायद्याने धरला तो अशाच अनुभवांच्या जोरावर. ज्या घराची चूल विणकामावर पेटते, तिथे तो आग्रह आजही शंभर टक्के बरोबर आहे. हिशेबवाल्यांचे एवढे म्हणणे निर्विवाद मान्य केले पाहिजे.

पण म्हणून दोन्ही व्यवहार एक होत नाहीत. लर्विकचा दुकानदार विणत नव्हता. शालीत किती टाके आहेत याच्याशी त्याचा संबंध लंडनला ती कितीला जाईल एवढाच होता. लोकर देऊन मोजे घेणारी मात्र स्वतः टाच वळवत असते. चौसष्ट टाके म्हणजे काय, काळी बारीक लोकर रात्रीच्या दिव्यात विणणे म्हणजे काय, हे तिला सांगावे लागत नाही. आपण किती मागतो आहोत हे तिला माहीत असते. म्हणून ती कमी मागते, किंवा जास्त लोकर देते. खरा फरक इथे आहे: काम जाणणाऱ्याशी केलेला व्यवहार आणि काम न जाणणाऱ्याशी केलेला व्यवहार. रोख की वस्तू, हा भेद त्याच्या खालोखालचा. मनालीला रस्त्याकडेला मोजे विणत बसलेल्या बाईशी वीस रुपयांसाठी घासाघीस करणारा मुंबई-पुण्याचा पर्यटक रोखच देत असतो. तिच्या मोज्याची टाच कशी झाली हे त्याला माहीत नसते, आणि त्या घासाघिशीचे मूळ त्या अज्ञानात आहे.

हा भेद विणकामाबाहेर एकदा देशव्यापी प्रमाणावर करून पाहिला गेला आहे. १९२४ मध्ये, गांधीजी बेळगावच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले त्या वर्षी, काँग्रेसच्या सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सूत अशी वर्गणी ठरली. कातणाऱ्या बायकांना जगण्यापुरती मजुरी मिळावी म्हणून १९३५ मध्ये गांधीजींच्या चरखा संघाने दर वाढवण्याचे धोरण घेतले. आठ तासांना आठ आणे, ही गांधीजींची अपेक्षा होती. मजुरीचा प्रश्न त्यांनी टाळला नव्हता. तरीही चाळीसच्या दशकात खादी विकत घेताना किमतीचा थोडा भाग सुतात द्यावा, अशी अट आणली गेली. सुताची चणचण होती म्हणून काही ही अट नव्हती. पैसे टाकून खादी नेणारा कातणारीला ओळखत नाही, ती ओळख फक्त हाताला सूत लागल्याने होते, हा तिचा आशय होता. ही अट खादीच्या गिऱ्हाइकांना जाचक वाटली असेल. तत्त्व म्हणून ती मजुरीच्या दरवाढीइतकीच महत्त्वाची होती, आणि दरवाढ लक्षात ठेवून ही अट विसरणे हा आजच्या चर्चेचा उथळपणा आहे.

तेव्हा ज्याला हाताने विणलेले मोजे हवेत आणि विणता येत नाही, त्याने रोख पैसे द्यावेत, सांगितलेले सगळे द्यावेत आणि घासाघीस करू नये. लोकर पुढे करून बदल्यात मोजे मागण्याचा हक्क, ज्याने निदान एक टाच स्वतःच्या हाताने वळवून ती पायात घालून पाहिली असेल, त्यालाच आहे.