टेलला आधी पाणी

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञशेषाचा विचार येतो. सगळ्यांचा वाटा देऊन उरेल ते खावं. जो फक्त आपल्यापुरतं शिजवतो, तो पापच खातो. भजनी मंडळात यावर माना डोलतात. मीही डोलावतो. पण मी नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड कालव्यावरचा द्राक्षवाला. धरणात पाणी कमी आणि वेलीवर माल, अशा वर्षी सगळ्यांचा वाटा म्हणजे नेमका किती, हे कोणत्या कीर्तनकाराला विचारायचं?

त्याचं उत्तर आमच्या जिल्ह्यानं फार पूर्वी देऊन ठेवलंय. बागलाणातल्या मोसम नदीवर आणि पलीकडे धुळ्याच्या पांझरेवर काही शतकं फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचं. पाणी पाटकरी द्यायचा, मालकानं दारं धरायची नाहीत. वर हवालदार, राखणीला जागल्या. पाणी तुटलं, की अख्खा फड पडीक. बहुतेकांचे तुकडे प्रत्येक फडात असल्यामुळे नुकसानही सगळ्यांत विभागलं जायचं. सुकाळात न्यायी कोणीही असतो. तूट कोणाच्या पानात वाढायची, हे आधीच ठरलेलं असणं, याला मी धर्म म्हणतो. कंपन्यांच्या गुळगुळीत अहवालांत शाश्वततेची पानंच्या पानं असतात. तूट कोणाची, हा एक रकाना मात्र मला कधी सापडलेला नाही.

आमच्या ओझरला 1990 च्या सुमारास हाच पेच होता. गाव कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. वरच्यांचं भागेपर्यंत खाली चारी कोरडी. समाज परिवर्तन केंद्र या संस्थेच्या बापू उपाध्ये, भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना पाणीवापर संस्थांत बांधलं. पाणी मोजून, घनमीटरवर घ्यायचं. पीक कोणतं घ्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. आणि वाटप टेलकडून हेडकडे. पाणी आधी शेवटच्या शेताला, मग वर. पुढे सगळ्या वाघाड प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांकडे आला, आणि 2005 मध्ये राज्यानं सिंचनाच्या शेतकरी-व्यवस्थापनाचा कायदाच केला. यातली खरी नवी गोष्ट मोजमापाची. मोजपट्टी नसेल तर वाटा हा शब्द नुसता हवेत राहतो. पाण्याची पूजा करणारे आम्ही, पाणी मोजायला मात्र फार उशिरा शिकलो.

ठिबक आलं, तेव्हा वाटलं, आता पाणी वाचेल. वाचलंही. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारी आणखी दोन एकर बाग उभी राहिली. तंत्र पाणी वाचवतं, वाचलेलं कोणाचं ते ठरवत नाही. ते संस्थेच्या सभेतच ठरवावं लागतं, आणि सभेला कोरम होत नाही, ही वेगळी रडकथा.

एक गोष्ट मात्र आम्ही सोयीनं विसरतो. गोदावरीवर आमच्या खालीही एक टेल आहे. तहानलेल्या गाढवाच्या तोंडी गंगेची कावड रिकामी करणाऱ्या एकनाथांचं पैठण, जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी. 15 ऑक्टोबरला तिथला साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र 2014 मध्ये ठरलं. 2023 मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला आणि दोन्ही जिल्ह्यांत मोर्चे, कोर्टकचेऱ्या झाल्या. आमच्या हरकती खोट्या नाहीत. पाणी नदीच्या पात्रात मुरतं, वाटेत उपसलं जातं, खाली ऊसही आहे. पण ओझरच्या टेलबद्दल वरचे शेतकरी एके काळी हेच सांगत होते.

येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: तुटीच्या वर्षी आपल्या कोट्यातून किती कपात सोसायची, हे आदेश यायच्या आधी आपणच ठरवू. सूचक मी. अनुमोदक हवा आहे.