कळा सोसणे हे तप काय?

बाळंतपणात पाठीच्या मणक्यांमधून बारीक नळी घालून औषध सोडतात, त्यास एपिड्युरल म्हणतात. बाई जागी राहते, कळा तेवढ्या बोथटतात. यावर काही वडीलधारे म्हणतात, 'कळा हे आईचे तप, ते चुकवू नये.' आम्ही विचारतो, तप स्वेच्छेने आचरायचे असते ना? एकादशी आपण धरतो. कळा कोण धरतो? देहदुःखास सांख्यशास्त्रकार आध्यात्मिक ताप म्हणतात, औषध हा त्यावर दृष्ट उपाय. तो कायमचा नव्हे एवढेच त्यांचे म्हणणे. घेऊ नये असे नव्हे. दाढ ठणकली की हेच वडीलधारे आधी डॉक्टर गाठतात! १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हाही कुरकुर झालीच होती.

पण जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख पाहिला म्हणजे हा वाद फार दूरचा वाटतो. एपिड्युरलला भूलतज्ज्ञ हवा, रक्तदाबावर सारखी नजर हवी. इथे ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्याच्या मर्कटवाडीत एक बाई सातव्या महिन्यात घरीच बाळंत झाली. जुळी बाळे गेली. आणि रस्ता नाही म्हणून तिला झोळीत घालून सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले. त्या सोसण्यास तप म्हणायला आमची तरी जीभ रेटत नाही. शहरातली लेक सुई नको म्हणाली, तर तो तिचा नेम समजू. हिला हवे-नको कोणी विचारलेच नव्हते.