माळ फोडणाऱ्याचा मुलगा

पडीक माळ ज्याने आपल्या हातांनी फोडला त्याचा तो होतो काय, आणि झाला तर त्याच्या मुलाचा कोणत्या न्यायाने होतो, हा प्रश्न पंडितांचा वाटेल. परंतु ढोकीसारख्या मराठवाड्यातील गावांत तो पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला असतो. त्या पेटीत दंडाच्या पावत्या असतात.

गायरान म्हणजे गावच्या गुरांकरिता राखलेली सरकारी जमीन, हे वाचकांस ठाऊकच आहे. ज्यांस शिवारात वीतभरही भुई नव्हती, त्यांतील पुष्कळांनी ती कसावयास घेतली. सन १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाड ह्यांनी मराठवाडा व खानदेश ह्या भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह केला. सरकारने अशा वहितीस अतिक्रमण म्हटले व दंड केला. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ह्या काळातील मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करावयाचे ठरले, तेव्हा कबजाचा पुरावा म्हणून त्याच पावत्या कामी आल्या. बापाच्या अपराधाचा कागद मुलाच्या हक्काचा कागद झाला.

अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर याच्या उलट घडले. तेथे २० मे १८६२ च्या कायद्याने, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकर देऊ केले. त्या वसाहतवाल्याच्या मुलास स्वच्छ दस्तऐवज मिळाला. परंतु ते मैदान मोकळे नव्हते. सू, पॉनी इत्यादी लोक त्यावर पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत आले होते, व त्यांस हुसकावूनच ते मोकळे करण्यात आले. म्हणजे कागद स्वच्छ असला म्हणून हक्क स्वच्छ असतोच असे नाही. आणि कागद मळका असला म्हणून हक्क खोटा ठरत नाही.

आमच्याकडील मुलाचे जीवन पाहा. आईबापांनी धोंडे वेचून बांध घातला, मुरमात तूर व हुलगा पेरला, आणि पोट भरेना तेव्हा ऊसतोडीस गेले. आता मुलगा तीच जमीन कसतो. एखादा भाऊ पुण्यास मजुरी करतो. बहीण सासरी आहे. पुष्कळांच्या बाबतीत सातबारावर अजून नाव नाही, म्हणून पीककर्ज नाही. तो कसतो खरा, पण उद्या नांगर धरावयास मिळेल की नाही, हे त्यास सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, गायरान सर्वांचे. एकाने ते कसे घ्यावे? हा आक्षेप हलका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, तो ह्याच कारणास्तव. तथापि भूमिहीनांस व अनुसूचित जातीजमातींस सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे, हे आक्षेप घेणारे सहसा सांगत नाहीत. ज्याची शंभर एकर बागायत आहे त्याने गायरानात गोदाम बांधणे आणि ज्याचे काहीच नाही त्याने तेथे कुदळ मारणे, ह्या दोहोंस एकच नाव देणे आम्हांस अन्याय वाटतो. असा मुलगा सातबारा मागतो तेव्हा तो दान मागत नाही.

परंतु, वाचकहो, त्याचा हक्क श्रमावर उभा आहे, तर त्या श्रमाचा हिशेब पुरता व्हावयास हवा. धोंडे आईनेही वाहिले, आणि सासरी गेलेल्या बहिणीनेही लहानपणी बुरंगाट उचलले. उताऱ्यावर नाव मात्र मुलांचेच चढवावयाचे काय? आणि शेजारी, ज्याच्यापाशी चार शेळ्यांवाचून काही नाही, तो कालपर्यंत त्याच गवतावर त्या चारीत होता. त्याच्या वाटेवर बोराटी टाकावी की नाही, हे तलाठी ठरवीत नाही. ते त्या मुलानेच ठरवावयाचे आहे, आणि पेरणीपूर्वी.