गंजलेली मोटार

जुनी वस्तू राखावी की टाकावी, हा प्रश्न दिसायला घरगुती आहे. पण त्यात माणसाची चांगलीच परीक्षा होते. आमची झाली, आणि आम्ही तीत फारसे उत्तीर्ण झालो नाही. म्हणून वाचकांपुढे हे मांडतो.

आमच्या थोरल्या बंधूंची एक पद्मिनी मोटार होती, १९८४ सालची. इटलीच्या फियाटचे हे देशी रूप. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव लागले आणि २००० च्या सुमारास ती निघायची बंद झाली. त्या काळी मोटार हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बंधूंनीही पाहिली. गाडी दारात उभी राहिली तेव्हा वहिनींनी तिला ओवाळले. पुढे गावातली कित्येक अडलेली बाळंतपणे तिने रातोरात साताऱ्याला पोचविली. आषाढीत औषधांची पेटी आणि पाय सुजलेली म्हातारी माणसे घेऊन ती दिंडीच्या मागे मागे पंढरपूरपर्यंत जाई. तेव्हा ती निव्वळ चैनीची वस्तू नव्हती, हे ध्यानात घ्यावे.

बंधू जाऊन अकरा वर्षे झाली. गाडी पडवीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. शेड पश्चिमेला उघडी, आणि आमच्याकडचा पाऊस पश्चिमेचाच. गेल्या दिवाळीत पुतण्या म्हणाला, "काका, भंगारवाला सारखा विचारतोय. देऊन टाकू, की दुरुस्त करू? तुम्ही सांगाल तसं." आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, "दुरुस्त कर. बापाची वस्तू आहे."

बोलायला काय लागते!

पुतण्याने जाणता मिस्त्री बोलावला. आमची समजूत अशी, की हा आता बॉनेट उघडून इंजिन पाहील. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. गोणपाट अंथरून तो गाडीखाली निजला आणि दाराखालच्या पट्टीला पेचकस टोचू लागला. पेचकस दांड्यापर्यंत आत गेला! भिजलेल्या पापडात जावा तसा. "माउली," तो खालूनच म्हणाला, "इंजिनाचं काय, ते सुटतं. नाहीच सुटलं तर दुसरं मिळतं. पत्रा गेला म्हंजे गाडी गेली."

हे आम्हास नवे होते. मग त्याने समजावून सांगितले. लोखंडाला ओल आणि हवा दोन्ही मिळाली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरचा रंग फुगून त्याला फोड येतो. आणि फोड दिसतो तेव्हा आतले काम पुष्कळदा उरकलेलेच असते. वरवरचा तांबूस थर घासून काढता येतो. आरपार गेलेला पत्रा मात्र कापूनच टाकावा लागतो, त्या जागी नवा जोडावा लागतो. लांबी भरून वर रंग मारणारे कारागीर पुष्कळ आहेत. गाडी सहा महिने नवरीसारखी दिसते, आणि मग आतला गंज पुन्हा बाहेर येतो.

आम्ही विचारले, सगळेच बदलले तर ती बंधूंची गाडी राहिली कुठे? तसे पाहता आमच्या पखवाजाची पुडी आजवर कितीदा बदलली असेल, तरी आम्ही त्याला आजोबांचाच पखवाज म्हणतो, कारण खोड तेच आहे. मिस्त्री म्हणाला, जीपचं तसंच असतं. खाली सांगाडा वेगळा, वर बॉडी वेगळी. बॉडी सडली तरी सांगाडा शाबूत असतो. पद्मिनीला निराळा सांगाडा नाही. पत्र्याची बॉडी हेच तिचे खोड, आणि तेच चिरफळले होते.

खर्चाचा अंदाज निघाला दोन लाखांचा. "आणि काम उघडलं की आकडा वाढतो, कमी होत नाही," हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. पुतण्या गप्प झाला. त्याच्या मुलीला याच वर्षी नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे, फी भरायची आहे. कुणीसे त्याला सांगितले होते की जुनी गाडी म्हणजे सोने. पण ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली जी वेगळी नोंदणी निघाली, तिच्यात ही २०३४ पर्यंत बसत नाही. आणि बसली तरी तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. साध्या नोंदणीचे म्हणाल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आलीच. ती असावी हेच योग्य. ज्या गाडीचा तळ पायाखाली सुटेल तिच्यात आपण बसू, पण समोरून येणाऱ्याने काय केले आहे?

कोणी म्हणतील, लोखंडाचा एवढा लोभ कशाला, नाशिवंतच ते. आम्हास हे इतक्या सहज पटत नाही. पडल्या वस्तूकडे काणाडोळा करणारा पडल्या माणसाकडेही करतो, असे आम्ही पाहिले आहे. पत्रा शाबूत असता, पैसा कुणाच्या तोंडचा नसता, आणि कुणी आपले हात काळे करायला तयार असता, तर गाडी जरूर नीट करावी असेच आम्ही म्हटले असते.

पण त्या रात्री झोप लागेना, ती निराळ्या कारणाने. आजारपणात बंधूंनी आम्हास बजावले होते, "आठवड्यातून एकदा गाडी सुरू करीत जा, आणि शेडला ताडपत्री लाव." तीन-चार महिने आम्ही इंजिन सुरू केले. पुढे वारी आली, सुगी आली, सबबींना काय तोटा! ताडपत्री तर लावलीच नाही. म्हणजे त्या पत्र्याला लागलेला गंज पुष्कळसा आमच्या आळसाचा होता. "बापाची वस्तू आहे" असे जे आम्ही एवढ्या ठसक्यात बोललो, ते आमचे प्रायश्चित्त होते. आणि ते आम्ही घेणार होतो पुतण्याच्या पैशाने. आमच्या खिशातून एक रुपया काढण्याची गोष्ट आम्ही केली नव्हती. दोन लाखांची लांबी भरून आम्हाला आमचेच भोक बुजवायचे होते.

सकाळी आम्ही वहिनींसमोर पुतण्याला हे सगळे सांगितले. वहिनी तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला ठाऊक आहे भाऊजी. ताडपत्री त्यांनी आणूनच ठेवली होती. माळ्यावर आहे अजून, घडीसुद्धा मोडली नाही."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. थोड्या वेळाने आम्ही विचारले, "मग वहिनी, गाडीचं काय करावं?"

"पोरीची फी भरा आधी," त्या म्हणाल्या. "आणि गाडी नेतील तेव्हा पुढचं सीट तेवढं काढून घ्या. लांब आहे, ओटीवर बसायला बरं."

इंजिन आणि गिअरबॉक्स मिस्त्रीने दुसऱ्या एका पद्मिनीसाठी नेले. तिचा पत्रा चांगला आहे म्हणे. बाकीचे भंगारात गेले, आणि नोंदणी रद्द करायला पुतण्या दोनदा आरटीओत जाऊन आला. सीट ओटीवर आहे. तिची एक स्प्रिंग वर आली आहे. ती आम्ही येत्या बाजारी स्वतः नेऊन नीट करून आणणार आहोत.